अमरगोळच्या अडतीत खातं बुडतं ते एका क्लिकने

हुबळी : अमरगोळच्या बाजार समितीत मालाचा सौदा आता कागदावर होत नाही. कर्नाटकात 2014 पासून युनिफाइड मार्केट प्लॅटफॉर्मवर ई-टेंडर सुरू झालं. लॉट क्रमांक, बोली आणि दर सर्व्हरवर जातात. दुकानातला संगणक बंद पडला तरी ती नोंद कुठे जात नाही.

पण शेतकऱ्याचा खरा हिशोब तिथे नसतो. पेरणीला घेतलेली उचल, मुलीच्या लग्नाला नेलेले पैसे, मागच्या पट्टीतून कापून घ्यायची बाकी, हे सगळं अडत्याच्या टॅलीत असतं. आणि टॅलीचा डेटा बहुतेक वेळा दुकानातल्या एकाच डिस्कवर. वीज गेली, यूपीएसची बॅटरी मेलेली, तेवढ्यात लिहिणं अर्धवट राहिलं की फाइल सिस्टीम बिघडते. दुसऱ्या दिवशी विंडोज विचारतं, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? दिवाणजी घाईत ‘होय’ दाबतो. सगळा घोळ इथेच होतो.

खरं तर तोपर्यंत फारसं काही गेलेलं नसतं. कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे, ही अनुक्रमणिका बिघडलेली असते. पानं जागेवर असतात. साध्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅट झाला तरी पुष्कळ परत मिळू शकतं, अट एवढीच की त्यावर नवीन काही लिहिलं जाऊ नये. एसएसडीवर मात्र ट्रिम नावाची सोय मोकळ्या झालेल्या जागा आपणहून साफ करते, मग आशा धरण्यात अर्थ नाही.

म्हणून जाणकार दुरुस्त करणारा आधी डिस्कची हुबेहूब प्रत काढतो, डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने, आणि काम त्या प्रतीवर करतो. चेकडिस्क मूळ डिस्कवर चालवायची घाई तो करत नाही, कारण ती ‘दुरुस्ती’ करताना तुटके दुवे कायमचे कापू शकते. टेस्टडिस्क हरवलेलं पार्टिशन शोधतं. फोटोरेक फाइली बाहेर काढतं, पण मूळ नावांशिवाय. टॅलीच्या बाबतीत तो ढीग जुळवणं म्हणजे फाटलेल्या वहीची पानं लावण्यासारखं. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर एकही सॉफ्टवेअर चालवू नये, ती थेट लॅबलाच द्यावी.

मोठ्या यंत्रणाही अडखळतात. 31 जुलै 2024 रोजी सी-एज कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाल्याने एनपीसीआयने तिला पेमेंट जाळ्यापासून तोडलं, सुमारे 300 छोट्या बँकांचे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी जोडणी परत आली. त्यांच्याकडे यंत्रणा होती, तपासणारी माणसं होती. अडत दुकानात कोण आहे?

नियम मात्र दुकानालाही सुटका देत नाही. जीएसटीच्या नियम 57 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक हिशोबाचा बॅकअप असा ठेवावा लागतो, की अपघाताने नोंदी नष्ट झाल्या तरी रास्त मुदतीत त्या परत उभ्या करता याव्यात. वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून 72 महिने हिशोब जपायचा असतो. ज्या पेनड्राइव्हवर बॅकअप घेतला तो त्याच संगणकाला कायम खोचलेला असेल, तर त्याला बॅकअप म्हणणं धाडसाचं आहे.

खातं गेलं की अडत्या आठवणीवर बाकी सांगतो, शेतकरी आठवणीवर नाकारतो. शेतकऱ्याने पट्ट्या जपल्या असतील तर त्याचं म्हणणं टिकतं. उचलीची मात्र अनेकदा चिठ्ठीही नसते. दर सौद्याला पट्टीवरच ‘उचल बाकी’ छापून द्यायला एक ओळ पुरते, आणि ती प्रत शेतकऱ्याच्या घरी राहते.