टी.सी., कपाट आणि लिंक

मंडळी, सुटीत पुण्याहून नातू चिखलीला आला होता. तो जँगो नावाच्या वेब फ्रेमवर्कवर काम करतो. (हे जँगो अमेरिकेत कॅन्सासमधल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मले आणि २००५ साली सर्वांना खुले झाले.) मी विचारले, "आपण चढवलेली फाईल राहते कुठे, आणि ती परत देणारी लिंक म्हणजे काय?" उत्तर ऐकून मला शाळेतले दाखल-खारीज रजिस्टरच आठवले.

फाईल सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये राहते; डेटाबेसमध्ये फक्त तिचा पत्ता असतो. त्याच नावाची फाईल आधीच असली, तर जँगो नव्या नावाला वाटेल ती सात अक्षरे जोडतो. वर्गात दोन रमेश पाटील असले की आम्ही रजिस्टर नंबर पाहायचो, तसेच! शासनाच्या जीआरलाही अठरा आकडी संकेतांक असतो. सुरुवातीला साल, महिना, दिवस. महागाई वाढीचा जीआर आम्ही पेन्शनर त्यावरूनच शोधतो. जीआर सगळ्यांचा, त्याची लिंक उघडीच हवी.

पण खासगी कागदाचे काय? मागे एके ठिकाणी मी माझी कागदपत्रे ऑनलाईन भरली. मिळालेल्या लिंकच्या शेवटी एक नंबर होता. टाईप करताना एक आकडा चुकला, आणि कुणा अनोळखी बाईंचे बँक पासबुक समोर उघडले! मी घाईने बंद केले. पण मग माझे पासबुक किती जणांनी पाहिले असेल? त्या रात्री झोप लागली नाही.

नातू म्हणाला, "आबा, मागणारा कोण हे तपासून मगच फाईल द्यायची असते. पण फोल्डर उघडा ठेवणे सोपे पडते." नंबर लांबलचक केला तरी पुरत नाही, लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली की संपले.

आमच्या शाळेतले बाबूजी टी.सी. देताना आधी अर्ज घ्यायचे, पालकाची ओळख पटवायचे, मगच कपाट उघडायचे. आम्ही त्यांना खडूस म्हणायचो. आज पटते, त्यांचेच बरोबर होते. रजिस्टर नंबर माहीत असला म्हणजे टी.सी.वर हक्क येत नाही.

तुमच्यापैकी जे संगणकवाले आहेत, त्यांना एकच विनंती. आपण बनवलेल्या लिंकमधला शेवटचा आकडा एकदा स्वतः बदलून पाहा. दुसऱ्याचा कागद उघडला, तर कपाटाला कुलूप नाही असे समजा.