बंद पडणाऱ्या इंजिनाचा जबाब

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस पुतण्याच्या गोठ्यावर मी चार दिवस मुक्कामास होतो, आणि गोठा धुण्यासाठी त्याने घेतलेल्या, पेट्रोलवर चालणाऱ्या प्रेशर पंपाने त्या चार दिवसांत घरच्यांचा जो जीव मेटाकुटीस आणला, तो पाहून हा मजकूर लिहिणे मला अगत्याचे वाटले. दोरी ओढताच इंजिन पहिल्या-दुसऱ्या झटक्यात सुरू होई, दहा-बारा मिनिटे उत्तम चाले, आणि मग आचके देत, मंदावत मंदावत बंद पडे. थोडा वेळ स्वस्थ ठेवले की पुन्हा तितकेच चाले व पुन्हा तसेच थांबे. तालुक्याच्या गावी दुरुस्तीस नेले असता पहिल्या खेपेस प्लग बदलला गेला, दुसऱ्या खेपेस कार्ब्युरेटर साफ झाला, आणि आता नवी कॉइल घालण्याची तजवीज चालली होती. परंतु 'ते बंद पडते कसे?' हा प्रश्न पुतण्याला कोणीही विचारला नव्हता.

माझे म्हणणे एवढेच आहे, की यंत्राचा सुटा भाग बदलण्यापूर्वी त्याच्या थांबण्याचा जबाब घेतला पाहिजे, आणि तो घेण्याची विद्या यंत्राच्या मालकापाशी असली पाहिजे. कळ दाबावी तसे इंजिन एकाएकी थांबले, तर संशय ठिणगीवर किंवा ऑइलच्या सेन्सरवर घ्यावा. हा सेन्सर ऑइलची पातळी उतरताच ठिणगी तोडतो, आणि यंत्र उतारावर उभे केले तर पुरेसे ऑइल असूनही कधीकधी तसेच करतो, म्हणून गोठ्याच्या ढाळाच्या फरशीवर यंत्र ठेवणाऱ्याने प्रथम जागा सपाट आहे की नाही ते पाहावे. हातातली गन सोडताच इंजिन गुदमरत असेल, तर दोष बहुधा इंजिनात नसून, गन बंद असताना पाणी पंपातल्या पंपात फिरवून दाब उतरवणाऱ्या झडपेत असतो. अर्धा चोक ओढल्यावाचून ते चालत नसेल, तर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये कचरा किंवा जुन्या पेट्रोलचा चिकट थर साचलेला असतो. काळा धूर येत असेल, तर एअर फिल्टर काढून पाहावा. आणि आचके देत, भुकेने थकल्यासारखे थांबत असेल, तर पेट्रोल पोहोचत नाही हे उघड आहे.

पुतण्याचे इंजिन या शेवटल्या जातीचे होते. चौथ्या दिवशी ते मंदावू लागताच आम्ही बंद केले, बाहेर मोकळ्या हवेत आणले, आणि निवल्यावर टाकीचे झाकण सावकाश फिरवले, तो आत हवा ओढली गेल्याचा बारीक सूं असा आवाज दोघांनीही स्पष्ट ऐकला. टाकीतले पेट्रोल केवळ उंचीच्या बळावर खाली उतरते, आणि जितके उतरते तितकी हवा झाकणातल्या सूक्ष्म छिद्रातून आत यावी लागते. ते छिद्र कडब्याच्या भुशाने व वाळलेल्या शेणाच्या धुळीने बुजले होते, म्हणून टाकीत पोकळी होऊन पेट्रोलची धार तुटत होती, आणि थांबल्यानंतर हवा कशीबशी झिरपली की यंत्र पुन्हा दहा मिनिटांचे धनी होत होते. सुईने छिद्र मोकळे केले. त्या संध्याकाळी पाऊण तास गोठा धुऊन झाला तरी इंजिन एकदाही अडखळले नाही, आणि पुतण्या म्हणाला, "काका, आधी एवढंच बघायला हवं होतं."

कार्ब्युरेटरच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या प्रांतात विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्याच उसापासून निघणारे इथेनॉल आता पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते, अनेक लहान इंजिनांच्या पुस्तिका मात्र 10 टक्क्यांची मर्यादा सांगतात. शिवाय इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते, त्यामुळे पावसाळाभर टाकीत पेट्रोल ठेवून यंत्र कोपऱ्यात लोटले, तर दसऱ्याला त्याची तक्रार येणारच. काम संपले की टाकी रिकामी करावी आणि कार्ब्युरेटरमधले उरलेले पेट्रोल जळेपर्यंत इंजिन चालू ठेवावे.

हे सारे यंत्राबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत होते, परंतु त्या पुस्तिकेत मराठीचे एक अक्षर नव्हते. ज्या महाराष्ट्रात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून 1920 साली 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक निघाले, आणि नांगर घडवणाऱ्यांनी आपल्या ग्राहकाशी त्याच्याच भाषेत बोलण्याचा प्रघात पाडला, त्या महाराष्ट्रात शंभर वर्षांनंतर शेतकऱ्याला पेट्रोलचे यंत्र विकताना मराठी पुस्तिका न देणे हा मला ग्राहकाच्या हक्काचा भंग वाटतो. अनुदानावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राला तरी सरकारने ही अट घालावी, आणि बिघाडाच्या लक्षणांचे पान त्या पुस्तिकेत पहिले असावे.

तूर्त पुतण्याने वहीचे एक पान फाडून, ढाळाची जागा, ऑइल, झाकणाचे छिद्र, चोक आणि गन ही पाच नावे त्याच क्रमाने मोठ्या अक्षरांत लिहिली आहेत, आणि ते पान गोठ्याच्या खांबाला, पाण्याचे शिंतोडे पोहोचणार नाहीत इतक्या उंचीवर, प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांधले आहे.