लिलावाआधीचे मैदान

खेळाडूंचा लिलाव म्हणजे संघबांधणी नव्हे, हे प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाने पुरेसे स्पष्ट केले आहे. २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाखांहून अधिक रुपये मोजले. तो संघ बारा संघांत तळाला राहिला. पुणेरी पलटणने इराणच्या शादलूईसाठी २ कोटी ३५ लाख मोजले आणि मार्च २०२४ मध्ये विजेतेपद मिळविले. पैसा दोघांनीही ओतला. मग फरक कोठे पडला? पलटणकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत यांच्यासारखे, उमेदीच्या वयात हेरून घडविलेले खेळाडू आधीपासूनच होते. पहिल्या दोन हंगामांत तळाला राहिलेल्या या संघाने प्रथम पाया घातला, कळस नंतर विकत घेतला. पुनर्बांधणीस निघालेल्या प्रत्येक संघाने हा क्रम ध्यानी घ्यावयास हवा.

परंतु हा पाया संघाच्या कचेरीत घातला जात नाही. भिवंडी तालुक्यातील आगरी गावांत कबड्डीची आवड जुनी आहे. भात कापून झाल्यावर मोकळी होणारी शेते हेच तेथील पोरांचे हक्काचे क्रीडांगण. आज त्यातील कितीतरी शेतांवर गोदामे उभी आहेत. गोदामांमुळे रोजगार आला, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र गोदामांच्या करातून गावागणिक एक मैदान राखणे ग्रामपंचायतींना अशक्य नाही, आणि त्यास हातभार लावणे हे संघमालकांच्याही हिताचेच आहे. मैदानेच उरली नाहीत, तर उद्याच्या लिलावात बोली लावावयाची तरी कोणावर?