आधी ओळखा, मग उघडा!

दिघीच्या खाऱ्या हवेत सायकलची चेन धड एक पावसाळा काढत नाही. मग दुसऱ्या महायुद्धातल्या ट्रकवरची पत्र्याची पाटी कुठली टिकणार? म्हणून माझं स्पष्ट मत: जुना लष्करी ट्रक दुरुस्त करायचा तर पाटी शोधत बसू नका, सरळ ट्रकखाली घुसा.

अमेरिकन 'जीएमसी सीसीकेडब्ल्यू' घ्या. १९४१ ते १९४५ या काळात पाच लाखांहून जास्त बनले. नाव एकच, पण ॲक्सल दोन जातींचे! 'स्प्लिट'चं हाउसिंग बोल्टने जोडलेल्या तुकड्यांचं, 'बँजो'चं गोल आणि अखंड. एकाचे गिअर दुसऱ्यात बसत नाहीत.

आपली जनता काय करते? आधी ग्राइंडर मारते. गंजाबरोबर ओतीव नंबरही साफ! मग "पार्ट बसत नाही" म्हणून मूळ ॲक्सल भंगारात.

त्यापेक्षा आधी फोटो काढा, मापं घ्या. प्रोपेलर शाफ्ट सोडवा, दोन्ही चाकं उचलून एकदमच एक फेरा द्या आणि पिनियनचे फेरे मोजा. झाला रेशो! याला लॅब लागत नाही, खडूची एक खूण पुरते.

व्हायव्हात डिफरन्शियल घडाघडा सांगणाऱ्या आपल्याला एवढं जमायला नको?