नाव मुंबईचे, मैदान दुबईचे

१/९
मुंबईच्या नावाने एक व्यावसायिक बेसबॉल संघ अस्तित्वात आहे, हे अंधेरी-बोरिवलीत किती जणांना ठाऊक आहे? त्याचे नाव ‘मुंबई कोब्राज’. ‘बेसबॉल युनायटेड’ या लीगने तो २०२३ मध्ये जाहीर केला. लीगचा पहिला मोसम नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. सामने झाले ते दुबईत. मुंबईच्या वाट्याला आले ते केवळ जर्सीवरचे नाव.

२/९
यात बिघडले काय, असे कोणी विचारील. आखातातील भारतीय-पाकिस्तानी प्रेक्षकांसाठी मुंबईसमोर कराची उभी करणे हा धंद्याचा भाग झाला. धंद्याला आक्षेप नाही. आक्षेप आहे तो त्यामागील गृहीतकाला, की शहराचे नाव ही बिनमालकीची वस्तू आहे; हवी तेव्हा उचलावी, हवी तेव्हा टाकावी. या गृहीतकाची किंमत खुद्द बेसबॉलच्या इतिहासात मोजली गेली आहे.

३/९
न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचा संघ १८८३ चा. रस्त्यावरच्या ट्रॉली चुकवत चालणारे ते ‘डॉजर्स’, हे नाव ब्रुकलिनच्या रहिवाशांवरूनच पडले. १९४७ मध्ये याच संघाने जॅकी रॉबिन्सनला मैदानात उतरवून वर्णभेदाची भिंत पाडली. १९५५ मध्ये पहिले जगज्जेतेपद मिळाले. आणि १९५७ चा मोसम संपताच मालक वॉल्टर ओ’मॅली यांनी संघ लॉस एंजेलिसला नेला. १९६० मध्ये जुने मैदानही पाडले गेले. ट्रॉली ब्रुकलिनच्या, नाव मात्र परगावी.

४/९
त्याच १९५७ साली रॉचेस्टर शहरात उलटे घडले. तेथील ‘रेड विंग्ज’ हा दुय्यम श्रेणीचा संघ मालकांना नकोसा झाला होता. मॉरी सिल्व्हर या स्थानिक व्यापाऱ्याच्या पुढाकाराने नागरिकांनी भाग विकत घेतले. एकूण ८,२२२ भागधारक झाले आणि संघ शहराचा झाला. तो आजही तेथेच खेळतो. दोन शहरांत फरक प्रेमाचा नव्हता, मालकीचा होता.

५/९
हाच हिशेब मुंबईच्या फुटबॉलला लावून पाहावा. महिंद्र युनायटेडची परंपरा १९६२ पासूनची. २००५-०६ मध्ये या संघाने राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. २००७ मध्ये आलेला मुंबई एफसी २०१७ मध्ये तळाला गेला आणि विसर्जित झाला. दोन्ही वेळा निर्णय मालकाचा होता. प्रेक्षकाला बातमी तेवढी कळली.

६/९
मुंबई सिटी २०१४ मध्ये आला तो नेरूळच्या मैदानावर. अंधेरीत तो २०१६ मध्ये उतरला. २०२१ चे दुहेरी विजेतेपद साथीच्या निर्बंधांमुळे गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये मिळाले. २०२३ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचे ‘घरचे’ सामने पुण्यात आणि नेरूळला झाले. कारणे रास्त असतील. परंतु संघाच्या मोठ्या क्षणी अंधेरीकर दूरचित्रवाणीसमोरच होता.

७/९
“गुंतवणूकदार तोटा सोसतो, शहराने उपकार मानावेत,” असा युक्तिवाद नेहमी होतो. तोटा खरा आहे. परंतु अंधेरीचे क्रीडा संकुल महापालिकेचे आहे, म्हणजे करदात्याचे आहे. शहर मैदान देते, प्रेक्षक देते, वर नावही देते. तीन गोष्टी देणाऱ्याला उपकृत म्हणायचे की भागीदार?

८/९
नागरिकांना संघ चालवता येईल काय, ही शंका महाराष्ट्रात तरी शोभत नाही. प्रवरानगरच्या शेतकऱ्यांनी सहकारातून साखर कारखाना उभा केला. मुलुंड-घाटकोपरच्या घराघरांत गृहनिर्माण संस्थेचे शेअर सर्टिफिकेट कपाटात जपून ठेवलेले असते. गच्चीच्या गळतीवरून वार्षिक सभेत तास तास वाद होतात, तरी इमारत चालते. रॉचेस्टरने केले ते याहून निराळे नव्हते.

९/९
म्हणून मागणी साधी आहे. सार्वजनिक मैदान देताना करारात लिहावे: घरचे किती सामने येथे होतील, उपनगरातील किती मुलांना मोफत प्रशिक्षण मिळेल, आणि संघ विकायचा वा बंद करायचा झाल्यास प्रथम विचारणा नागरिकांच्या सहकारी संस्थेकडे होईल. एवढे मान्य नसेल, तर मालकाने स्वतःचे नाव जर्सीवर घालावे. मुंबईचे नाव फुकट नाही.