रेवडी वाटणाऱ्याची की ओढणाऱ्याची?



जुलै २०२२ मध्ये बुंदेलखंडच्या महामार्गाचे उद्घाटन करताना पंतप्रधानांनी 'रेवडी संस्कृती'वर टीका केली आणि तेव्हापासून रेवडी हा शब्द शिवीसारखा झाला. फुकट वाटले ते रेवडी. कर्जमाफी झाली, रेवडी. बियाण्याला अनुदान दिले, रेवडी. ज्यांनी हा शब्द चलनात आणला आणि जे तो आता ऊठसूट वापरतात, त्यांच्यापैकी किती जणांनी रेवडी करून पाहिली असेल? रेवडी फुकट होत नाही. तिच्याइतकी दंडाची ताकद खाणारा दुसरा गोड पदार्थ आमच्या तरी माहितीत नाही.

आधी कृती सांगतो. एक किलो गूळ फोडून घ्यावा. चिकीचा गूळ मिळाला तर उत्तम. त्यात पावभर पाणी घालून जाड बुडाच्या कढईत विरघळवावा, गाळून घ्यावा आणि पुन्हा आटवावा. अर्धे लिंबू पिळावे, म्हणजे पाकाची साखर होत नाही. थेंब गार पाण्यात टाकून पाहावा. मऊ गोळी झाली तर तो लाडवाचा पाक, रेवडीचा नव्हे. गोळी कडक होऊन काचेसारखी तुटली, थाळीवर टाकल्यावर टण्ण वाजली, की कढई उतरवावी. इथे क्षणभर दुर्लक्ष झाले तरी गूळ करपतो आणि कडू होतो.

पाक तेल लावलेल्या परातीत ओतावा. कडा आत मोडत राहावे. हाताला सोसवेल इतका निवला, की तेलाच्या हाताने गोळा उचलून भिंतीतल्या मजबूत, स्वच्छ खुंटीला लावावा. ओढावा, दुमडावा, पुन्हा ओढावा. पाच-दहा मिनिटांत काळपट गोळा सोनेरी होतो, मग फिका, रेशमासारखा चमकदार. यात जादू काही नाही. प्रत्येक घडीबरोबर हवा आत कोंडते, तिचे बारीक बुडबुडे उजेड पसरवतात आणि तीच हवा रेवडीला खुसखुशीत करते. न ओढलेला पाक दात मोडतो, ओढलेला दाताखाली विरतो. फरक फक्त श्रमाचा आहे. शेवटी दोरी वळून तुकडे कापावेत आणि कोमट असतानाच अर्धा किलो भाजलेल्या तिळात घोळावेत. गार झाल्यावर तीळ चिकटत नाहीत. डबा घट्ट लावावा, नाहीतर दमट हवेने सगळा ऐवज चिकट होतो. पोरांना उकळत्या पाकापासून लांब ठेवावे. तो अंगावर पडला तर कातडीला चिकटून बसतो.

आता हिशेबाचे बोलू. २०२५-२६ च्या हंगामाला तिळाचा हमीभाव क्विंटलला ९,८४६ रुपये, म्हणजे किलोला शंभराच्या आत. बाजारात तोही मिळेलच असे नाही. संक्रांतीला त्याच तिळाची रेवडी पाकिटात घालून आपल्याच पोरांना विकली जाते. कापसाचे जे होते तेच तिळाचे. कच्चा माल आपला, सूत आणि कापड दुसऱ्याचे. १९९१ साली शेगावला शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली. तिच्यातली माजघर शेती म्हणजे नेमके हेच, की माल घराबाहेर पडण्यापूर्वी त्यावर पहिली प्रक्रिया घरात व्हावी.

पण इथे एक धोका आहे. हमीभाव काढताना सरकार घरच्या माणसांची मजुरी धरते, मात्र स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज दीडपटीच्या हिशेबातून वगळते. त्याबद्दल आपण ओरडतो, आणि ते बरोबरच आहे. मग माजघरातल्या बाईची मजुरी आपण काय धरतो? शून्य. पाक राखणारी एक, ओढणारी दुसरी, दोघींचे दोन-अडीच तास. मजुरी शून्य धरली तर कोणताही धंदा नफ्याचा दिसतो. म्हणून गूळ, तीळ, सरपण यांच्याबरोबर चार हातांची मजुरी वहीत लिहा. ती धरूनही काही उरत असेल तरच आठवडी बाजारात किंवा औंढ्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत पाल टाका. विक्रीसाठी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी लागते, ती करून घ्या. आणि आलेला पैसा ओढणारीच्या हातात पडू द्या.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात ऊस आहे तो वसमतकडे, पाण्याखालच्या रानात. कोरडवाहूवाल्याला गूळ विकतच आणावा लागतो. पण ज्वारी आपली आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 'मधुरा' ही गोड ज्वारी काढली आणि तिच्या ताटांच्या रसाची काकवी करून दाखवली. अशा रसाची साखर सहज जमत नाही. कारखान्याच्या दृष्टीने हा दोष. ओढायच्या गोळीला मात्र साखर न जमणारा पाकच हवा, म्हणजे तिथे हाच गुण ठरतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गोड ज्वारी अमेरिकेत पोचली. तिथल्या दक्षिणेकडच्या शेतकरी कुटुंबांनी तिची काकवी केली, आणि शेजारपाजार जमवून ती आटवून ओढण्याचे कार्यक्रम केले. त्या गोळीला ते टॅफी म्हणतात. आपल्या रेवडीचीच ती लांबची बहीण, फक्त तिळावाचून.

रेवडीने कर्ज फिटेल असे आम्ही म्हणत नाही. संक्रांतीपुरता हा बाजार, आणि गावातल्या दहा घरांनी एकदम केली तर तोही पडेल. कापसाला आणि ज्वारीला भाव मिळाल्याशिवाय सुटका नाही, त्याला रेवडी हा पर्याय नव्हे. पण बांधावर तिळाच्या चार ओळी आणि घरात एक खुंटी, एवढ्यावर मालाची किंमत कुठे वाढते हे पोरांना हाताने कळेल. या संक्रांतीला प्रत्येक गावात दोन घरांनी करून पाहावी, मजुरीसकट हिशेब वहीत मांडावा आणि ती वही पुढच्या जिल्हा बैठकीला आणावी. वाटणाऱ्यांशी काय बोलायचे ते आकडे हातात आल्यावर ठरवू.