आपला "मी" आणि इंग्रजांचा "मी"

वसई-विरारकरांनो, पोस्ट थोडी लांब आहे. पालक आणि शिक्षक मंडळींनी वेळ काढून वाचा.

मुलाखतीत मराठी माध्यमाचं पोरगं "मायसेल्फ अमुक तमुक" म्हणालं की हसणारे खूप भेटतात. नुसतं "आय ॲम" म्हणायला हवं, हे खरंच. पण सर्वनामं चुकतात ती पोरगं ढ आहे म्हणून नाही. त्याच्या डोक्यात एक पक्कं व्याकरण आधीच बसलेलं असतं, मराठीचं. ते कुणी फळ्यावर घेतच नाही, माझी तक्रार तिथे आहे.

२००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. सहा वर्षांच्या लेकराच्या नजरेने बघा. आपला "मी" म्हणजे इंग्रजीत "आय", आणि इंग्रजीतला "मी" म्हणजे आपलं "मला". मराठीतली "ही" बाई, इंग्रजीतला "ही" बाप्या! त्यात आपल्याकडची कितीतरी मुलं घरी सामवेदी, वाडवळी, आगरी नाहीतर वारली बोलतात. शाळेतली मराठीच त्यांना नवी असते.

बरं, "मी" तिथे "आय" आणि "मला" तिथे "मी", असा सोपा नियम सांगून भागत नाही. "मला दे" ठीक. पण "मला भूक लागली", "मला आवडतं", "मला माहीत आहे" या सगळ्यांत इंग्रजीला "आय" लागतो. हे मराठी वाक्य शेजारी लिहून दाखवलं तर दहा मिनिटांत समजतं. "इंग्रजीच्या तासाला मराठी बंद" असा फतवा काढला तर दहावीपर्यंत समजत नाही.

मुख्याध्यापकांना आपण "ते" म्हणतो. पोरगं "दे आर इन ऑफिस" म्हणतं, कारण सरांना "ही" म्हणणं त्याला उद्धटपणा वाटतो. यात संस्कार आहेत हो! विरार लोकल "ती", ट्रक "तो", स्टेशन "ते", म्हणून लोकलला "शी" होतं. तिथे "इट" शिकवायचं. उलट एका बाबतीत आपली मुलं पुढे आहेत. हिंदीत "उसका" म्हटलं की तो की ती कळत नाही, मराठीत "त्याचा" आणि "तिचा" वेगळे. "हिज" आणि "हर" आपल्याला सोपं जायला हवं. ही जमेची बाजू सांगतं कोण?

"प्रिया अँड आय" की "प्रिया अँड मी", यावर शहाणेसुद्धा अडखळतात. प्रियावर बोट ठेवून वाक्य वाचा. "सरांनी पुस्तक दिलं टू आय" कानाला खटकतं, म्हणजे तिथे "मी". शेक्सपिअरच्या "मर्चंट ऑफ व्हेनिस"मधल्या एका पत्रातही हा घोळ आहे, तेव्हा आपल्या पोरांना जरा सांभाळून घ्या.

प्रश्न फक्त मार्कांचा नाही. सोसायटीचं पत्र, पोलिसांकडचा अर्ज आता बरेच जण इंग्रजीत लिहितात. "त्याने आपली स्कूटर नेली" आणि "त्याने त्याची स्कूटर नेली" यात मराठीत चोरीएवढा फरक पडू शकतो. इंग्रजीत दोन्हीकडे "हिज". अशा जागी सर्वनाम सोडा, सरळ नाव पुन्हा लिहा. तसंच "वी"चं. "आम्हाला पाणी मिळेल" आणि "आपल्याला पाणी मिळेल" यातला फरक सूर्याच्या पाण्याची वाट बघणाऱ्यांना समजावून सांगायला नको. इंग्रजीत दोघांनाही "वी". त्यामुळे निवेदन इंग्रजीत देताना "वी" म्हणजे कोण, ती इमारत, तो प्रभाग नावानिशी लिहा.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या जिल्हा परिषद शाळांत आणि सेमी-इंग्रजीच्या वर्गांत इंग्रजीचा तास दोन भाषांत घ्या. फळ्याच्या डाव्या बाजूला मराठी वाक्य, उजवीकडे इंग्रजी. याला निधी लागत नाही, ठराव लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत पालकांनी हा विषय काढावा. मी आमच्या शाळेत काढणार आहे.